न चढलेली माणसं

"पाय आधी आत घाल. एकदा पाय आत गेला की गाडी तुझी. आणि आत गेलीस की मागे वळून बघायचं नाही, जागा जाते." आईचा हा आवाज तिला अजून, इतक्या वर्षांनी, कुठेही रांग दिसली की मानेमागून ऐकू येई. आई एरवी हळू बोलणारी बाई. पण हे एवढं ती दात आवळून म्हणायची, मुलीचा दंड घट्ट धरून, गाडीचं दार समोर यायच्या आत. आज सकाळी दार समोर आलंच नाही. गाडी आली, तिचा भोंगा आला, काचेमागे चेपलेली तोंडं आली, दाराच्या दांड्याला लोंबणाऱ्या कोणाचं तरी कोपर तिच्या खांद्याला निसटतं लागलं, आणि चालकाने वेग कमी न करता अंगठा नुसता मागे केला. म्हणजे, मागून येतेय. गाडी गेली. ती थांब्याच्या पत्र्याखाली उजवा पाय अर्धा पुढे टाकून उभी राहिली, आणि तो पाय आता मागे कसा घ्यायचा हे तिला क्षणभर कळेना. आजूबाजूच्या कोणी गाडीकडे मान वर करूनही पाहिलं नव्हतं. सगळी अशी उभी होती, जशी माणसं भिंतीला टेकून उभी राहतात. एक म्हातारा तिच्या त्या पुढे टाकलेल्या पायाकडे बघून म्हणाला, नव्या दिसताय. इथं गाडी थांबली तर ती बिघडली असं समजायचं. दोघंतिघं हसली. सवयीचं हसू होतं ते, रोज त्याच जागी येणारं.

शेजारी बेबी होती, तिची धाकटी नणंद. पंचेचाळिशी उलटली तरी घरादाराची बेबीच. शहर वाढत वाढत जिथे जाऊन धापा टाकत होतं, तिथल्या नव्या इमारतींच्या शेवटच्या ओळीत बेबीची खोली. परवा जिन्यात पाय मुरगळला, गुडघा सुजला, म्हणून ही काल सोबतीला राहिली होती. सकाळी निघाल्यावर बेबी रोजच्यासारखी शहराकडे पाठ करून वळली. उलटं आगारापर्यंत चालत जायचं, गाडी जिथून सुटते तिथे चढायचं, आणि मग आपल्याच दारावरून पुढे जायचं. वहिनीने तिला अडवलं. अगं, थांबा दारात आहे, दर दहा मिनिटांना गाडी आहे, या गुडघ्यावर कशाला मागे चालतेस. तिने हे प्रेमाने सांगितलं, आणि थोड्या अधिकारानेही. कारण शहराच्या परिवहन कार्यालयात ती नियोजन विभागात होती आणि ते दर दहा मिनिटांचं वेळापत्रक तिच्याच टेबलावरून गेलं होतं. बेबीने तिच्याकडे एकदा बघितलं. वहिनी मोठी, शिकलेली, शिवाय रात्रभर गुडघ्याला शेक देत बसलेली. तिचा मान राखायला बेबी थांबली.

दुसरी गाडी आली, तशीच गेली. तिसरी आली, तिच्या मागच्या दारातल्या वाहकाने तर आपणहून माफी मागितल्यासारखा हात जोडला. प्रत्येक गाडीगणिक बेबीचा चेहरा लहान होत गेला. ती एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी गरम रोलरमधून बाहेर येतात त्या, दोघींनी टोकं धरून झटकायच्या आणि घडी घालायची. लाँड्रीचं फाटक वेळेला बंद होई. मुकादमाने तिला सांगून ठेवलं होतं, आता एकदा उशीर झाला की बदलीवर. बदलीवर म्हणजे रोज सकाळी फाटकाबाहेर येऊन उभं राहायचं, आणि आत कोणी आलं नसेल तरच हाक यायची. हे सगळं बेबीने काल शेक घेताना हसत हसत सांगितलं होतं. आता ती हसत नव्हती. "चल वहिनी, मागेच जाऊ," एवढंच म्हणाली, आणि दुखरा पाय ओढत आगाराच्या दिशेने चालू लागली. तिच्या पाठीमागून चालताना हिला त्या पाठीचा राग आला. आपल्या माणसाचा राग यावा असं काही घडलेलं नव्हतं. राग नुसता आला होता आणि बसायला जागा शोधत होता.

तिला रागाची सवय नव्हती. पहाटे उठून प्रार्थना करायची आणि मनाशी म्हणायचं, आज माझ्या जिभेने कोणी दुखावणार नाही. हा तिचा नेम लग्नाआधीपासूनचा. तो पाळणं तिला कधी जड गेलं नाही. कार्यालयात तिला गरीब गाय म्हणत, तेही तिच्या कानावर होतं, आणि त्याचंही तिला काही वाटलं नव्हतं. पण आगारात गाडीत शिरल्यावर, बेबीला कशीबशी जागा मिळाल्यावर, स्वतः दांड्याला धरून उभी असताना, तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गाडी भरत गेली. पुढच्या थांब्यावर अजून माणसं कोंबली गेली. आणि मग तोच पत्र्याचा थांबा खिडकीत आला. आईचा आवाज म्हणाला, मागे बघायचं नाही. तिने बघितलं. म्हातारा होता, डबा छातीशी धरलेली मुलगी होती, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले रंगारी होते, सगळे अजून तिथेच. गाडी त्यांच्यावरून गेली. वाहकाच्या हातातलं तिकिटाचं यंत्र गप्प होतं. ते यंत्र दर थांब्यावर किती माणसं चढली ते आपोआप कार्यालयात कळवतं, आणि आत्ता, याच क्षणी, ते तिथे कळवत होतं: कोणीही चढलं नाही.

कोणीही चढलं नाही. या तीन शब्दांच्या वर तिचा सगळा विभाग उभा होता. नियोजनाच्या खोलीत भिंतभर पडद्यावर शहराचा नकाशा असे. जिथे खूप माणसं चढतात तो थांबा गडद हिरवा, जिथे बेताची तो फिका, आणि जिथे कोणीच चढत नाही तो राखाडी. राखाडी रंग तिनेच सुचवला होता. मूळ रंग काळा होता. ती म्हणाली होती, काळा नको, बरा दिसत नाही. नकाशाच्या कडेला, जिथे शहर वाढत होतं, तिथे गेल्या वर्षात राखाडी ठिपके वाढले होते आणि आगारं गडद होत चालली होती. त्यावर बाहेरून आणलेल्या सल्लागाराने एक सुंदर परिच्छेद लिहिला होता: वाढत्या शहरातला प्रवासी मधल्या थांब्यांपेक्षा आगारातून प्रवास सुरू करणं पसंत करतो. पसंत करतो! दुखरा पाय ओढत, शहराकडे पाठ करून, पसंत करतो. आणि गाड्या वेळेवर येतात का, हेही विभागात मोजत. दोन गाड्यांमधलं अंतर मोजत. त्या हिशेबाने बेबीचा थांबा उत्तम होता. सकाळपासून तीन गाड्या तिथून अगदी वेळेवर गेल्या होत्या. तिच्या पोटात काहीतरी हसलं, आणि ते हसणं वर येताना वाटेत कडू झालं. इतकी वर्षं ती कार्यालयाच्या गाडीने जात होती. घराखालून बसायचं, कार्यालयाच्या पायरीशी उतरायचं, आणि दिवसभर, ज्या खांबाखाली आपण कधी उभं राहिलो नाही, त्या खांबाला रंग द्यायचा.

बेबी लाँड्रीच्या कोपऱ्यावर उतरली तेव्हा फाटक मिटलेलं दिसत होतं. ती मागे न बघता लंगडत गेली. आपण जाऊन मुकादमाला सांगावं, चूक माझी आहे, असं हिच्या मनात आलं. पण गाडी हलली, आणि आज पाच वर्षांच्या उद्दिष्टांची शेवटची बैठक होती.

बैठकीच्या खोलीत नेहमीप्रमाणे थंडी होती. प्रत्येकापुढे पाण्याचा पेला, त्यावर झाकण. साहेब मृदू माणूस; घरातल्या थोरल्या काकासारखे बोलत, चूक दाखवायची तरी आधी चौकशी करत. सल्लागार कोमट पाणी पीत एकेक उद्दिष्ट वाचत होता. गाड्यांचा वेग वाढवणं. दोन गाड्यांमधलं अंतर कमी करणं. आणि वेग वाढायचा तर वाटेतले मृत थांबे काढून टाकणं. मृत. पडद्यावर राखाडी ठिपके एकदम लुकलुकले. कोणीतरी हौसेने तशी सोय केली होती. ती त्या लुकलुकण्याकडे बघत राहिली. तिला त्या ठिपक्याच्या आत पत्रा दिसला, म्हाताऱ्याचं हसणं दिसलं, छातीशी धरलेला डबा दिसला. वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असलेली भिंत एकाएकी खिडकी व्हावी आणि खिडकीतून माणसांनी आपल्याकडे बघावं, तसं झालं. तिला ओरडावंसं वाटलं. पेल्यावरचं झाकण उचलून त्या गुळगुळीत टेबलावर आपटावंसं वाटलं. आणि आपल्या हातून तसं होणार नाही हे ठाऊक असल्याचा आणखी वेगळा राग आला. मग ती बोलली, तर तिचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता. सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

तिने विचारलं, जी माणसं चढू शकली नाहीत ती कुठे मोजली जातात. सल्लागार म्हणाला, समजलं नाही. तिने सकाळचं सगळं सांगितलं. भरलेली गाडी थांबत नाही, थांबत नाही म्हणून कोणी चढत नाही, चढत नाही म्हणून आपण थांबा मेला म्हणतो, आणि थांबा काढला की तिथे जादा गाडी कधीच जाणार नाही. उद्दिष्ट असं हवं की कोणी मागे राहता कामा नये. वेगाचं नंतर बघू. खोलीत जराशी चुळबुळ झाली. सल्लागार समजूतदारपणे म्हणाला की जे घडलं त्याची नोंद होते, जे घडलंच नाही ते मोजणार कसं. हिशेब विभागातला एक जण शेजाऱ्याला ऐकू जाईल इतपत म्हणाला, मग सकाळी घरात झोपून राहिले तेही मोजा. हशा झाला. तीही हसली, सवयीने, आणि आपल्याच ओठांची तिला किळस आली.

साहेबांनी हात वर करून हशा थांबवला. "कुठला थांबा म्हणालात?" तिने सांगितलं. "तिकडे कसं काय जाणं झालं? कोणी राहतं का आपलं?"

"नणंद राहते."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" साहेबांचा चेहरा मोकळा झाला. कोडं सुटलं होतं. त्यांनी संगणकावर बसलेल्या कारकुनाला खूण केली. पडद्यावर, नकाशाच्या कडेला, एक राखाडी ठिपका थरथरला आणि हिरवा झाला. एवढं सोपं होतं ते. कोणी म्हणालं, वा. सल्लागारानेही हसून मान डोलावली. एका थांब्याने त्याचा वेग कमी होणार नव्हता. खोलीत एक प्रकारचा ऊबदारपणा पसरला, घरात कोणाचं तरी लग्न जमल्यासारखा. आणि तिला जाणवलं की आपल्यावर उपकार झालेला आहे, आता आपण पेल्यावरचं झाकण काढून पाणी प्यायचं आहे. बेबीला हे कळलं तर ती किती खूश होईल हेही तिला दिसलं. त्या हिरव्या ठिपक्याच्या भोवती बाकीचे राखाडी ठिपके तसेच होते, गिरणीपलीकडचे, खाणीच्या वाटेवरचे, नव्या वसाहतींचे. तिथेही पत्र्याखाली कोणीतरी रोज तोच विनोद करत असेल. त्यांच्या नणंदा, भावजया, मावश्या या खोलीत बसत नव्हत्या, एवढाच काय तो फरक. पाय आत गेला की गाडी तुझी. आईने तिला उभं आयुष्य हेच शिकवलं होतं, आणि या खोलीतल्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या आईने.

"तो परत राखाडी करा," ती म्हणाली.

साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिने पुन्हा सांगितलं, तितक्याच हळू. "माझी नणंद राहते म्हणून तो हिरवा होत असेल, तर परत राखाडी करा. माणसं उभी असतात म्हणून हिरवा करणार असाल, तर सगळे करा."

आता कोणी हसलं नाही. साहेब खरोखरच दुखावले होते, आणि आपला नेम मोडला हे तिला कळलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही, याने ती जास्त हादरली. मग साहेबांनी कारकुनाला खूण केली. ठिपका विझला. ते म्हणाले, हे सगळं मंडळापुढे पुढच्या महिन्यात जायचंय. तुम्हाला मोजून आणायचं असेल तर आणा, मी वाचेन. पण माणसं देता येणार नाहीत, कामाच्या वेळेत नको, आणि एका सकाळच्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. शेवटी ते म्हणाले, बाई, मी तुमच्या भल्याचंच केलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. चीड आली ती त्याचीच. हा माणूस दुष्ट असता तर किती बरं झालं असतं.

घरी आली तर स्वयंपाकघरात बेबी बसलेली. एका स्टुलावर स्वतः, दुसऱ्यावर पाय. हिचा नवरा, म्हणजे बेबीचा भाऊ, ओट्याला टेकून उभा. दोघांच्या तोंडावरून कळलं की बोलणं होऊन गेलं आहे. बेबीला बदलीवर टाकलं होतं. दिवसभर ती फाटकाबाहेर उभी होती, हाक आली नाही. तिने ते नेहमीसारखं गमतीत सांगितलं. मुकादमाला मी म्हणाले, वहिनीच्या सांगण्यावरून थांबले हो, ती गाड्यांच्या कार्यालयात मोठी आहे; तर तो म्हणतो, मग वहिनीलाच घेऊन ये घड्या घालायला. कोणी हसलं नाही. हिने चहा ठेवला, आणि चहा उकळत असताना पाठमोरीच सगळं सांगून टाकलं. ठिपका हिरवा झाला तो, आणि आपण तो परत पुसायला लावला तो. लपवता आलं असतं. बेबीला कोण सांगणार होतं.

नवरा म्हणाला, तत्त्वं तुझी आणि पाय माझ्या बहिणीचा, छान वाटणी आहे. एवढं बोलून तो बाहेरच्या खोलीत गेला. तिला त्याच्या मागे जाऊन ओरडायचं होतं, की मग काय करायला हवं होतं, त्या एका ठिपक्याचं पाणी पिऊन घरी यायला हवं होतं का; आणि त्याच वेळी, हो, यायला हवं होतं, असंही तिच्या आत कोणीतरी ओरडत होतं. दोन्ही ओरडणी एकमेकांवर आदळून तिच्या छातीत नुसताच घरघराट उरला. बेबी कपातल्या चहाकडे बघत होती. तिला रडू येत असावं असं हिला वाटलं. पण तिने मान वर केली तेव्हा डोळे कोरडे होते, आणि रागाने बारीक झालेले. घरातली बेबी अशी कधी दिसली नव्हती.

"तुझं मन मोठं, वहिनी. माझा गुडघा तेवढा मोठा नाही."

"उद्यापासून मी येते तुझ्या थांब्यावर. मोजते. रोज येते."

"माझ्या थांब्यावर येऊ नकोस." बेबीने कप खाली ठेवला. "तिथं तू माझ्यासाठी येशील. मला पुन्हा आत घेतलं की तुझा जीव थंड होईल, आणि तू परत आपल्या गाडीत बसशील. ओळखते मी तुला, तू वाईट नाहीस. तिथलं मी मोजीन, मला कुठं आता फाटकाच्या आत जायची घाई आहे. तू ज्यांच्यासाठी माझा ठिपका पुसलास ना, त्यांच्याकडं जा. जिथं तुझं कोणी नाही तिथं जाऊन उभी राहा. एक दिवस नाही. आणि गाडीकडं बघू नकोस, मागं राहिलेल्यांकडं बघ."

यात टोमणा किती आणि मागणी किती, हे बेबीलाही कळत नसावं. हिने चहाखालचा गॅस बंद केला. तिला वाटलं होतं की आपल्याला क्षमा मागायची आहे. पण क्षमा मागणं म्हणजे पुन्हा आपल्याच माणसाकडून काहीतरी सोडवून घेणं, आणि बेबी ते द्यायला तयार नव्हती. तिने ते दिलं नाही याबद्दल हिला तिच्याविषयी, त्या दिवसात पहिल्यांदाच, राग नसलेलं काहीतरी वाटलं.

"राहीन," ती म्हणाली.

"शब्द?"

"शब्द."

बेबी हसली नाही. तिने कप पुढे सरकवला, अजून अर्धा दे म्हणून.

पहाटे ती उठली, प्रार्थना केली. जिभेचा नेम म्हणताना मध्येच थबकली, आणि त्याऐवजी काय म्हणावं ते न सुचून नुसती हात जोडून बसून राहिली. पाण्याची बाटली घेतली. चपला बाजूला ठेवल्या आणि जाड तळाचे बूट घातले. बाहेरच्या खोलीत बेबी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पाय उशीवर. नवरा जागा होता. त्याने कूस न बदलता विचारलं, बेबीच्या थांब्यावर जातेस का. ती म्हणाली, नाही, खाणीच्या वाटेवर. तिथं कोण आहे आपलं, असं त्याने विचारलं. ती कडी काढत होती. कोणी नाही, असं म्हणून तिने दार हळूच ओढून घेतलं. रस्त्यावरचे दिवे अजून चालू होते. पुढच्या चौकात नेहमीचा रस्ता उजवीकडे जात होता. ती डावीकडे वळली, आणि राग तसाच उराशी धरून, सांडू न देता, चालू लागली.